जहाजावर घेतलेली अनामत आणि किनाऱ्यावरचा प्रवासी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : क्रूझ जहाजावरच होणारे पुढील सफरीचे आरक्षण आणि प्रवाशांच्या अनामत रकमेचे संरक्षण

महोदय,

मुंबईत बॅलार्ड पिअर येथे उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची ये-जा होऊ शकेल, एवढी त्याची क्षमता असल्याचे सांगितले जाते. त्याआधी वर्षभर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, याच बंदरातून सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’ने २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या घडामोडींचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु धक्के, इमारती आणि रोजगार यांच्या चर्चेत प्रवाशाच्या पैशाशी थेट संबंध असलेल्या एका व्यवहाराचा उल्लेख कुठेच आढळत नाही. जहाज समुद्रात असतानाच, पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षीच्या सफरीसाठी प्रवाशाकडून जी अनामत घेतली जाते, त्या व्यवहाराविषयी हे पत्र आहे.

मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो असून ठाण्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सभासदांची परदेश प्रवासाची कागदपत्रे पाहून देण्याचे काम करतो. सिंगापूर, भूमध्य समुद्र किंवा नॉर्वे येथून क्रूझ करून आलेले सभासद ‘पुढचीही आरक्षित करून आलो’ असे आनंदाने सांगतात, आणि सोबतचा कागद वाचल्यावर मात्र लक्षात येते की आपण नेमके काय विकत घेतले आहे, हे त्यांना कोणी नीट समजावूनच सांगितलेले नाही. ही माणसे शिकलेली आहेत, आयुष्यभर हिशेबाने वागलेली आहेत. उणीव त्यांच्यात नाही, ती या व्यवहाराच्या मांडणीत आहे.

ही पद्धत जगभर रुळलेली आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर त्यासाठी स्वतंत्र टेबल आणि प्रशिक्षित विक्रेते असतात. रॉयल कॅरिबियन कंपनी आपल्या योजनेला ‘नेक्स्टक्रूझ’ म्हणते, तर नॉर्वेजियन कंपनी ‘क्रूझनेक्स्ट’ म्हणते. नावे निराळी असली तरी व्यवहाराचे प्रकार मुख्यतः दोनच. पहिल्या प्रकारात जहाज, तारीख आणि केबिन ठरवून रीतसर आरक्षण केले जाते. दुसऱ्या प्रकारात यांपैकी काहीच ठरत नाही. प्रवासी ठरावीक रक्कम भरून एक प्रमाणपत्र घेतो आणि पुढे ठरावीक मुदतीत कोणतीही सफर निवडून ती रक्कम त्यात वळती करून घेतो. या दोन्हींमध्ये पुन्हा दोन जाती आहेत : परत मिळणारी अनामत आणि परत न मिळणारी अनामत. सगळा प्रश्न या शेवटच्या फरकात आहे, आणि नेमका तोच फरक विक्रीच्या टेबलावर सर्वांत कमी वेळात उरकला जातो.

हा व्यवहार मुळातच वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. जहाजावर आरक्षण केल्यास अनामत बहुधा कमी भरावी लागते आणि पुढच्या सफरीत जहाजावर खर्च करण्यासाठी काही डॉलरची रक्कम खात्यात जमा मिळते. तिला ऑनबोर्ड क्रेडिट म्हणतात. शिवाय केबिनची जागा आपण प्रत्यक्ष पाहून निवडू शकतो. जिन्याजवळ नको, नाचगाण्याच्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर नको, हे जहाजावर असताना जितके स्पष्ट कळते तितके ठाण्यात बसून नकाशावरून कळत नाही. दरवर्षी सुट्टीला क्रूझच करणाऱ्या, आपल्याच शहरातील बंदरातून जहाजात बसणाऱ्या आणि बहुतेक देशांत व्हिसाशिवाय प्रवेश मिळणाऱ्या अमेरिकन निवृत्तांसाठी ही योजना उत्तम आहे. ती मुळात त्यांच्यासारख्या प्रवाशांना डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेली दिसते. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा तीच योजना, त्याच अटींसह, भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रवाशापुढे ठेवली जाते.

सर्वांत मोठी अडचण व्हिसाची आहे, आणि ती विक्रीच्या वेळी क्वचितच बोलली जाते. क्रूझची उरलेली पूर्ण रक्कम निघण्याच्या साधारण तीन महिने आधी भरावी लागते. लांबच्या सफरींना ही मुदत चार महिन्यांपर्यंतही जाते. त्या मुदतीनंतर सफर रद्द केल्यास दिवसागणिक अधिकाधिक रक्कम कापली जाते. आता याच्या शेजारी व्हिसाचे वेळापत्रक ठेवून पाहावे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्जच करता येत नाही. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो, त्यामुळे तोही फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नसतो. सिंगापूरचा अर्ज तर प्रवासाच्या आधीच्या महिन्याभरातच करायचा असतो. म्हणजे साउदॅम्प्टन, योकोहामा किंवा सिंगापूर येथून सुटणाऱ्या सफरीचे सगळे पैसे भारतीय प्रवाशाने आधी भरायचे आणि आपल्याला त्या देशात पाऊल ठेवता येईल की नाही, हे त्यानंतर विचारायचे, असा क्रम पडतो. युरोपचा शेंगेन व्हिसा त्या मानाने बरा, कारण त्याचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. एप्रिल २०२४ पासून, आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा देण्याचे धोरणही आले आहे. असा व्हिसा हाती असलेल्याने युरोपची सफर जहाजावर खुशाल ठरवावी. पण पहिल्यांदाच युरोपला गेलेल्या माणसाकडे तो नसतो, आणि उत्साहाच्या भरात पुढचे आरक्षण करणाऱ्यांत पहिल्यांदा गेलेलेच अधिक असतात.

अलास्काचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी ने-आण करता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतील सिएटलहून निघून, अलास्का करून सिएटललाच परतणारे जहाजही वाटेत कॅनडातील एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, लागते. परिणामी, केवळ अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो, मग तो त्या बंदरावर उतरणार असो वा नसो. माहितीपत्रकात ‘सिएटल ते सिएटल’ एवढेच ठळक छापलेले असते. कागदपत्रांची संपूर्ण जबाबदारी प्रवाशाची, आणि ती अपुरी असल्यास जहाजावर घेतले जाणार नाही व परतावाही मिळणार नाही, हे वाक्य मात्र प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये असतेच.

आमच्या संघातील एका दांपत्याने भूमध्य समुद्रातील जहाजावर असतानाच ब्रिटिश बेटांची सफर आरक्षित केली. पूर्ण रक्कम भरण्याची तारीख आली, तेव्हा ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज उघडण्यासही काही आठवडे बाकी होते. त्यांनी कंपनीला पत्र लिहून मुदत वाढवून मागितली. कागदपत्रे ही प्रवाशाची जबाबदारी आहे, एवढेच उत्तर आले. एका व्हिसाच्या भरवशावर काही लाख रुपये अडकवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांनी सफर सोडली आणि परत न मिळणारी अनामत गमावली. त्यांचे राष्ट्रीयत्व आरक्षणाच्या अर्जावर पहिल्याच पानावर लिहिलेले होते. ते वाचून ‘तुमच्या पासपोर्टला हे वेळापत्रक जमणार नाही’ असे सांगणे विक्रेत्याला सहज शक्य होते. ते सांगण्याची त्याच्यावर कोणतीही सक्ती नाही, हीच माझी तक्रार आहे.

दुसरी बाब चलनाची, आणि ती माझ्या नोकरीच्या विषयातील असल्यामुळे तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. ‘आजचा दर कायम राहील’ असे आश्वासन टेबलावर दिले जाते. ते डॉलरपुरते खरे असते. आपली मिळकत, पेन्शन आणि ठेवी रुपयांत आहेत आणि उरलेली मोठी रक्कम वर्ष-दीड वर्षाने, त्या दिवशीच्या विनिमय दराने भरायची आहे. डॉलरमधील भाडे स्थिर राहिले आणि रुपया घसरला, तर आपल्यासाठी सफर महागच होते. अनामतीची रक्कम जहाजावरील खात्यात टाकली जाते आणि शेवटच्या रात्री खाणेपिणे, सहली, कर्मचाऱ्यांची दररोजची बक्षिसी यांच्यासह एकत्रितपणे क्रेडिट कार्डावर पडते. परकीय चलनातील व्यवहारावर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार घेतात आणि त्या अधिभारावर जीएसटी लागतो. पुढे अनामत परत मिळाली, तरी ती परताव्याच्या दिवशीच्या दराने येते आणि आधी कापलेला अधिभार सहसा परत मिळत नाही. म्हणजे ‘पूर्णपणे परत मिळणारी’ अनामतही भारतीय ग्राहकाला शंभर टक्के परत मिळेलच असे नसते. ऑनबोर्ड क्रेडिटचेही तसेच. ते बहुधा त्याच सफरीत, जहाजावरच संपवावे लागते आणि उरलेले रोख मिळत नाही. त्याची किंमत हिशेबात धरताना ते रोख सवलतीसारखे धरू नये.

तिसरी बाब या सगळ्यांपेक्षा गंभीर आहे : कंपनीच बंद पडली तर काय? मुंबईकरांनी हे जवळून पाहिले आहे. एप्रिल २०१९ मध्ये जालेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ हे जहाज मोठ्या समारंभाने मुंबईतून सुरू झाले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ते थांबले, त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला आणि जहाज भंगारासाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेले. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही बलाढ्य क्रूझ कंपनी अवसायनात, म्हणजे दिवाळखोरीमुळे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली. तिच्याच मालकीच्या क्रिस्टल क्रूझेसच्या दोन जहाजांवर पैसे येणे असलेल्यांच्या दाव्यांमुळे बहामामध्ये जप्ती आली. जहाज विकले गेल्यावर येणाऱ्या पैशांतून कोणाला आधी द्यायचे, याचा क्रम आपल्या २०१७ च्या सागरी दाव्यांविषयीच्या कायद्यात ठरवून दिलेला आहे. आधी खलाशांचे पगार, मग मृत्यू व इजा यांची भरपाई, जहाज वाचवणाऱ्यांचा मोबदला, बंदराची देणी, त्यानंतर जहाज गहाण ठेवून दिलेली कर्जे. पुढच्या सफरीसाठी आगाऊ पैसे भरलेला प्रवासी या सर्वांच्या मागे उभा असतो. खलाशांचे पगार आधी दिले जावेत, हे योग्यच आहे. त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. पण मग प्रवाशाची अनामत कंपनीच्या रोजच्या खर्चाच्या पैशांत मिसळू न देता वेगळी ठेवणे, हाच त्याच्या संरक्षणाचा उपाय उरतो.

इतर देशांनी हे पूर्वीच ओळखले. अमेरिकेतील बंदरांतून पन्नास किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेले जहाज सोडणाऱ्या कंपनीला, सफर न झाल्यास प्रवाशांचे पैसे परत करण्याची ऐपत असल्याचा पुरावा तेथील फेडरल मेरिटाइम कमिशनकडे द्यावा लागतो. हा कायदा १९६६ चा आहे. त्याच आयोगाने २०२२ मध्ये, सफर रद्द झाल्यास किंवा तिला तीन किंवा अधिक दिवस उशीर झाल्यास परतावा मागण्याचा हक्क स्पष्ट केला. ब्रिटनमध्ये २०१८ च्या पॅकेज प्रवास नियमांनुसार विक्रेत्याला हमीपत्र, विमा किंवा विश्वस्त खाते यांपैकी एका मार्गाने ग्राहकांचे पैसे सुरक्षित ठेवावे लागतात. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशात, विक्रेत्याच्या नेहमीच्या कार्यालयाबाहेर झालेल्या करारातून चौदा दिवसांत विनाकारण बाहेर पडण्याचा हक्क आपल्या ग्राहकांना देण्याची मुभा सदस्य देशांना आहे. क्रूझ प्रवाशाच्या आगाऊ रकमेला असे कवच देणारा स्वतंत्र नियम आपल्याकडे नाही. करोनाकाळातील विमान तिकिटांच्या परताव्यासाठी १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना मंजूर केली आणि हवाई प्रवाशांना वाट सापडली. जहाजाच्या प्रवाशांना मात्र कंपन्यांनी पुढे केलेले ‘फ्यूचर क्रूझ क्रेडिट’, म्हणजे पुढच्या सफरीत वळती करायची जमा, घेऊन वाट पाहावी लागली. काहींनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्क्यांपर्यंत क्रेडिट देऊ केले होते, परंतु कंपनी टिकली तरच त्या टक्क्यांना किंमत होती.

दाद मागण्याचा मार्गही सोपा नाही. विदेशी कंपनीच्या तिकिटावर बहुधा खटला कोणत्या शहरात चालेल हे छापलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अशी अट वैध ठरवली. जहाजावर पडून जखमी झालेल्या, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या प्रवासी स्त्रीलाही फ्लोरिडातच दावा लावावा लागेल, असा तो निकाल होता. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या अन्याय्य कराराला राज्य आयोगापुढे आव्हान देण्याची सोयही केली आहे. या तरतुदी मोलाच्या आहेत. पण ज्या कंपनीचे भारतात कार्यालयच नाही, तिच्याविरुद्धच्या आदेशाची अंमलबजावणी कशी करायची, हा प्रश्न उरतो. येथील ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट घेतले तर किमान एक विक्रेता आपल्या शहरात असतो. जहाजावर थेट आरक्षण केले की तो दुवाही निसटतो.

म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माझी विनंती आहे की, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १८ खालील अधिकार वापरून क्रूझ विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसव्या मांडणीने निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्या, यांच्याविरोधी तत्त्वे काढली, खोटी घाई निर्माण करणे हा त्यांत निषिद्ध प्रकार आहे. परंतु ती मुख्यतः मोबाइल आणि संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार समोर ठेवून लिहिलेली आहेत. ‘ही सवलत जहाजावरून उतरेपर्यंतच’ असे टेबलावर बसून सांगितले जाते, तेव्हा होणारा परिणाम तोच असतो. सुट्टीवर असलेला माणूस आहे, इंटरनेट महाग आणि मंद आहे, मुलांना किंवा एजंटला विचारण्याची सोय नाही, आणि निर्णय आजच घ्यायचा आहे. अशा स्थितीत झालेल्या कराराला घरी पोहोचल्यावर फेरविचाराची मुदत असणे न्याय्य आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यावर ती तीस दिवसांत परत करण्याचा हक्क आपल्याकडे आहे. जहाजावरील आरक्षणासाठी प्रवासी घरी परतल्यापासून पंधरा दिवस एवढी मुदत मागणे अवास्तव ठरू नये. त्यासोबत अनामत परत मिळणार की नाही, हे प्रवाशाच्या सहीजवळ, मोठ्या अक्षरांत आणि मुंबईतून सुटणाऱ्या जहाजांवर मराठीतही लिहिलेले असावे. भारतीय बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक कंपनीची आगाऊ रक्कम विश्वस्त खात्यात किंवा बँक हमीने सुरक्षित असावी, आणि मुंबई बंदर प्राधिकरणाने जहाजाला धक्का देतानाच तिचा पुरावा मागावा. जहाजांची संख्या अजून मोजकी आहे तोवर हे नियम लावणे सोपे आहे. उद्योग मोठा झाल्यावर प्रत्येक अटीला विरोध होईल.

हे होईपर्यंत, येत्या सुट्टीत क्रूझला जाणाऱ्या वाचकांना काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. परत मिळणारी अनामत आहे का, हे तोंडी न विचारता ईमेलवर लेखी घ्यावे. जहाजावर केलेले आरक्षण ठरावीक दिवसांत आपल्या एजंटकडे वर्ग करता येते का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. अनेक कंपन्या तशी परवानगी देतात आणि ती मुदत साधारण महिना-दोन महिन्यांची असते. तारीख बदलल्यास दंड किती, हेही विचारावे, कारण परत न मिळणाऱ्या अनामतीवर प्रत्येक बदलासाठी माणशी शंभर डॉलरपर्यंत आकार पडू शकतो. दोघांच्या नावाने आरक्षण असेल आणि एकाला आजारपणामुळे जाता आले नाही, तर दुसऱ्याला केबिनचे जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागू शकते; साठी ओलांडलेल्यांनी हा प्रश्न टाळू नये. सफरीतील प्रत्येक बंदराचा व्हिसा, त्याच्या अर्जाची सर्वांत आधीची तारीख आणि पूर्ण रक्कम भरण्याची तारीख एका कागदावर शेजारी लिहावी, आणि पैशांची तारीख आधी येत असेल तर परत न मिळणारी अनामत भरू नये. वाद निर्माण झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ग्राहक आयोगाकडे घरबसल्या दावा दाखल करता येतो. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पुढच्या सफरीसाठी दिलेल्या अनामतीची मुदत अनेकदा तेवढीच किंवा त्याहून मोठी असते, त्यामुळे कंपनीने पहिला नकार दिल्याची तारीख आणि तो ईमेल जपून ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे